वर्नाच्या दोन साक्षी

ज्या वणव्यात ड्युएनचं घर जळालं, त्याच वणव्यात वर्नाचा नवरा रॉइस गेला. टेक्सासच्या त्या गावात आगीच्या बंबावर बिनपगारी गावकरीच जायचे; रॉइस त्यांतलाच. बंबाच्या डिझेलचा खर्च वर्षातून एकदा बार्बेक्यू, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस, विकून निघायचा. रॉइसची माती झाली आणि ड्युएनने सोशल मीडियावर लिहिलं, ‘रॉइस पिऊन आला होता. माझं घर त्यानं मुद्दाम जळू दिलं.’

रॉइसने उभ्या जन्मात बिअरला हात लावला नव्हता. पण त्या वर्षी बार्बेक्यूला कुणी फिरकलं नाही.

“ती पोस्ट काढायला सांग की त्या सोशल मीडियाच्या कंपनीला!” वर्ना वकीलबाईंवर, ट्रुडीवर, खेकसली.

“सांगितलं, मॅडम. ते म्हणतात, तुमच्या राज्याचा कायदा आहे. मत पटलं नाही म्हणून पुसता येत नाही.”

“हे मत? ही थाप आहे!”

“ते मतच म्हणतात. आणि या कायद्यासाठी साक्ष द्यायला राजधानीत, ऑस्टिनला, तुम्हीच गेला होतात ना?”

गेली होती. त्याआधी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्रमुखाला तिने पोस्टमध्ये चोर म्हटलं, ते याच कंपनीने पुसलं होतं. रॉइसनेच तिला ऑस्टिनला गाडी चालवत नेलं होतं. “आमच्या तोंडाला कुलूप लावणारे हे कोण?” असं ती आमदारांच्या समितीपुढे कडाडली, तेव्हा सर्वांत आधी टाळी त्याचीच पडली होती.

“कंपन्या या कायद्याविरुद्ध कोर्टात गेल्यात,” ट्रुडी म्हणाली. “त्यांना तुमच्यासारख्यांची साक्ष हवीय.”

वर्नाने दातओठ खात साक्षीच्या कागदावर सही केली.

बातमी गावभर झाली. किराणा दुकानात ड्युएन सगळ्यांदेखत म्हणाला, “काय वर्ना, यंदा साक्ष कुणाकडून? आधी ठरवत जा बाई!” रॉइसबरोबर बंबावर जाणारेही हसले.

कोर्टाने कायद्याला स्थगिती दिली. वर्नाने त्याच सकाळी पुन्हा तक्रार केली. कॉफी निवायच्या आत उत्तर आलं: ‘आम्ही तपासलं. हा मजकूर आमच्या नियमांत बसतो.’

तिने ट्रुडीला फोन लावला. “मग इतके दिवस कायद्याचं नाव का सांगत होते?”

“सोयीचं होतं, मॅडम.”

“आणि माझी साक्ष?”

“तीही.”

वर्नाने फोन ठेवला आणि ड्युएनची पोस्ट उघडली. खाली पसंतीची आणखी नावं आली होती. त्यांत चर्चच्या पास्टरच्या बायकोचंही होतं.