पिवळा बाण

आमच्या धंद्याची रीत साधी होती. हे गावात दुकानात बसून फिरायला आलेल्यांना सायकली भाड्याने द्यायचे आणि मी टेकडीवर, दीपगृहाच्या खाली, चहाची टपरी चालवायची. मधला सगळा रस्ता ह्यांच्या बाणांचा. डांबरावर पिवळ्या रंगाने काढलेले हातभर लांब बाण, आणि जिथे थांबून काही खायचं-प्यायचं तिथे एक पिवळा कप. दरवर्षी रंग उडाला की हे स्वतः डबा-ब्रश घेऊन निघायचे. हल्ली सगळ्यांच्या खिशात मोबाइल असतो, तरी जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, मोबाइल जवळच्या रस्त्याने नेतो, काकांचा बाण सावलीच्या रस्त्याने नेतो.

प्रत्येक कंपूच्या शेवटच्या सायकलला हे लाल फीत बांधायचे. फीत माझ्या दारात आली की सगळे सुखरूप पोहोचले असं समजायचं. मग मी फोन करून म्हणायची, "फीत आली." पलीकडून "बरं" यायचं. आमचं कामाच्या वेळातलं बोलणं तेवढंच, आणि मला ते पुरायचं.

मागच्या वर्षापासून ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजारच्या शिंप्याचं नाव. आम्ही हसण्यावारी नेलं. डॉक्टरीणबाईंनी नेलं नाही. त्या म्हणाल्या, "चूक होऊन कुणाला इजा होईल असं काहीही त्यांच्या हातात देऊ नका." गॅस मी माझ्याकडे घेतला. स्कूटरची किल्ली माझ्या पर्समध्ये गेली. ती ह्यांनी स्वतःच खिशातून काढून दिली, आणि तेच मला जास्त लागलं. ब्रश मात्र मी ठेवला. ब्रशने कोण मरतं? शिवाय तोही काढून घेतला तर ह्या माणसात उरणार काय, ह्याची मला भीती वाटत होती.

त्या सकाळी ह्यांचा फोन आला. "निघाले गं. एक मास्तर, त्यांच्या दोन सुना आणि नात. फीत नातीच्या सायकलला बांधलीये. हट्टच धरला कार्टीने."

मी अंडी उकडली, लिंबं कापली, चहाचं आधण ठेवलं. आधण आटलं, पुन्हा ठेवलं, तरी कुणाचा पत्ता नाही. मास्तर दमले असतील, फोटो काढत बसले असतील, अशी मनाची समजूत घातली. मग गावाकडून एक दूधवाला वर आला. "फाट्यावरचा बाण बदललात का हो काकू? नवा कोरा दिसतोय," त्याने विचारलं.

फाट्यावरून एक रस्ता टेकडीवर येतो आणि दुसरा खाली किनाऱ्याने जातो. किनाऱ्याचा रस्ता आता कुठेच जात नाही. एका वादळात समुद्राने तो वळणावरच गिळला. उतारावरून सायकल वेगाने आली, की वळण असायला हवं तिथे हवा आहे आणि हवेखाली खडक. पालिकेने तिथे लोखंडी अडसर लावला होता, तो कुणीतरी कधीच भंगारात विकून खाल्ला. विकणाऱ्याच्या तोंडात किडे पडोत.

गॅस बंद केला की नाही हेही न बघता मी स्कूटर काढली. फाट्यावर बाण होता, ठसठशीत, पिवळाधमक, सुरेख. टोक किनाऱ्याकडे. त्या क्षणी मला ह्यांचा असा संताप आला की समोर असते तर काय बोलले असते कोण जाणे. उताराला लागले आणि संताप गेला, नुसतं भय उरलं. एका पोराबाळांच्या घरातली सगळी माणसं माझ्या हट्टापायी गेली, हेच डोक्यात घुमत होतं.

ती सगळी बसलेली होती. तुटलेल्या वळणाच्या अलीकडे एक सिमेंटचा कट्टा आहे, त्यावर ओळीने. सायकली बाजूला उभ्या, लाल फीत वाऱ्यावर फडफडत.

"काय हो काकू," मास्तर म्हणाले, "दुकानात सांगितलं होतं, कप दिसला की थांबायचं. थांबलो. पण चहावाल्या बाईंचा पत्ताच नाही!"

कट्ट्यासमोर डांबरावर पिवळा कप होता. नवा. कपातून निघणाऱ्या वाफेच्या तीन रेघासुद्धा काढलेल्या. कट्टा कुणीतरी स्वच्छ झाडलेला.

मला रडू आवरेना. मास्तरांच्या सुना घाबरल्या, नातीने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. तो कट्टा माझाच होता. लग्न झाल्यावर ह्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी बांधलेला. माझी पहिली टपरी तिथे होती, रस्ता तुटेपर्यंत.

मी सगळ्यांना चालवत वर आणलं, पोटभर खायला घातलं आणि फोन केला. "फीत आली."

"बरं," हे म्हणाले.

संध्याकाळी ह्यांच्या समोर बसले. "अहो, किनाऱ्याच्या रस्त्यावर बाण कशाला काढलात?"

हे हळूच म्हणाले, "अगं, मी गेलो होतो तिथे. तू नव्हतीस. कप रंगवला, कट्टा झाडला, किती वेळ बसून राहिलो. कुठे गेली होतीस? रागावली होतीस का माझ्यावर?"

चूक झाली म्हणून भांडायला बसले होते, आणि माणूस माझीच वाट बघत बसलेला.

तरी ब्रश मागावा लागला. "द्या इकडे," मी म्हणाले. ह्यांनी दिला. "मग मी काय करू?" असं विचारलं, लहान पोरासारखं. "फिती बांधा," मी म्हणाले. "ते मला जमत नाही."

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावरच्या बाणावर डांबर ओतलं, किनाऱ्याच्या रस्त्यावर दगड रचले आणि कपही पुसला. कप पुसताना हात चालत नव्हता, पण पुसला. टेकडीवरची टपरी बंद केली आणि शेगडी दुकानाच्या दारात आणून मांडली. आता सायकलवाले फिरून परत आले, की चहा इथेच. बाण मी काढते. घरापासून दुकानापर्यंतही काढलेत, छोटे छोटे, कारण हल्ली ह्यांना तेवढाही रस्ता अनोळखी वाटतो. शेवटी, दाराशी, एक कप.

पहिल्या सकाळी हे त्या बाणांवरून निघाले, मी चार पावलं मागे. "कुणी काढलेत हे? एकही सरळ नाही," असं पुटपुटत, पण एकही न चुकवता. कपापाशी थांबले. दुकानाच्या पायरीवर बसले आणि इकडेतिकडे बघू लागले. मी बाजूने पुढे होऊन शेगडी पेटवली.

ह्यांनी मला पाहिलं, आणि चेहरा एकदम सैल झाला. "इथे होतीस होय?"

"इथेच तर होते," मी म्हणाले, आणि आधण ठेवलं.