घळीत फोटो काढताना, आणि आईचा एक फोटो

सूचना एक. फोनमध्ये ढगाचं चित्र असलेलं बटण शोधा आणि दाबा. बाहेर लख्ख ऊन असलं तरी दाबा. दगड तुम्हाला हवा तितका लाल होईल.

सूचना दोन. वर बघून काढा, पण आकाश चौकटीत घेऊ नका. आकाश आलं की दगड काळा पडतो.

मी डेल्फीन बित्सुई. अमेरिकेतल्या आमच्या नावाहो मुलखातल्या या अरुंद घळीत बावीस वर्षं पाहुण्यांना फिरवते आणि त्यांच्याच फोनवर त्यांचे फोटो काढून देते. मी काढलेले फोटो कुठल्या कुठल्या देशांत भिंतींवर लागलेत. आमच्या घरात आईचा एकही नाही. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. फोटो काढू का विचारलं की म्हणायची, "मी आहे ना इथं. बघ की."

हे उत्तर दर वर्षी थोडं कमी पुरायला लागलं होतं.

सूचना चार. (तीन नंतर सांगते.) दुपारी बाराच्या सुमाराला वरच्या फटीतून उन्हाचा खांब खाली उतरतो. तो नुसता दिसत नाही. मी फावड्याने वाळू उडवते, मग दिसतो. तेवढा वेळ कॅमेरा झाका.

जुलैमध्ये एका दुपारी मी वाळू उडवत होते. अकरा पाहुणे होते. त्यांत ओहायोचे वॉरन, तीन पायांचा स्टँड घेऊन. तेवढ्यात खालच्या तोंडाने आई आत आली. मखमली झंपर, डोक्याला रुमाल, पायात माझे जुने बूट.

"ती कानफाटी शेळी इकडं आली का?"

"नाही, आई."

"अजून वाळूच उडवतेस?"

"हो."

"आणि ती परत खाली कोण आणतं?"

"आपली आपण येते."

"मग बरंय. काम सोपंय."

वॉरननी मला हळूच विचारलं, "या बाईंना त्या उजेडाशी उभं करता येईल का?"

"त्या फोटो काढू देत नाहीत."

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं. मी सांगितलं. आईने आधी स्टँडकडे पाहिलं, मग वॉरनकडे. "यंत्राला पाय तीन, आणि धापा हा टाकतोय." मग मला म्हणाली, "परका असून विचारतोय. तू तर विचारायचंच सोडलंस."

"तू नाही म्हणायचीस."

"म्हणून विचारायचं नाही? काढ. तूच काढ. एकच. मग शेळी शोध."

सूचना तीन. माणसाला उजेडाच्या खांबात उभं करू नका, कडेला करा. चेहरा नीट येतो.

फावडं मी वॉरनना दिलं. त्यांनी वाळू उडवली. आई कडेला उभी राहिली. मी फोन धरला. पडद्यावर आई होती, अगदी हवी तशी. मग तिने ओठ पुढे काढले.

"आई, तोंड नीट कर."

तिने ते आणखी पुढे काढले, डावीकडे.

"आई, तोंड."

मी बटण दाबलं. वॉरन म्हणाले, "वा, पापा देताहेत!"

आमच्यात बोट दाखवत नाहीत. ओठांनी दाखवतात. हे मला चालायला यायच्या आधीपासून ठाऊक आहे.

"पोरी," आई म्हणाली, "मी तिकडं दाखवतेय आणि तू माझ्याकडं काय बघत बसलीस?"

मी तिकडे पाहिलं. घळीच्या वरच्या वळणावरून गार वारा येत होता. त्याला ओल्या झुडपांचा कडवट वास होता. आमच्यावरचं आकाश निळंच होतं. पाऊस वर कुठेतरी, दूर पडला होता.

सूचना, आकडा नाही. असा वारा आला की फोटो थांबवा आणि शिडीकडे चला.

सगळे चढायला लागले. वॉरन स्टँडसाठी मागे वळले, तेव्हा आईने त्यांना खालून डोक्याने ढकललं. शेळ्यांना ती तसंच ढकलते. काही वेळाने पाणी आलं, कॉफीच्या रंगाचं, आणि स्टँड घेऊन गेलं.

"तीनही पाय असून," आई म्हणाली.

कानफाटी वर उभी होती.

फोटो छान आलाय. मी तो चौकटीत घालून चुलीच्या वर लावला. आईने दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं.

"काय दाखवतेय मी इथं? भिंत?"

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा खिळ्यासकट फोटो समोरच्या भिंतीवर गेला होता. आई झोपली होती. फोटोतली आई ओठ पुढे काढून पाण्याच्या पिंपाकडे दाखवत होती. पिंप रिकामं होतं.

सूचना शेवटची. माणूस ज्या बाजूला बघत असेल, फोटोत त्या बाजूला जागा मोकळी सोडा.

मी गाडी काढली आणि पाणी भरायला गेले.