भिंतीपलीकडे आर्डिथ

हातात काहीच नाही

ट्वायला हॅकलरने त्रेसष्ट वर्षांत स्वतःसाठी निवडलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि अंगठा उरला असता. पिकअपचा रंग आर्डिथने ठरवला. कुत्र्याचं नाव आर्डिथने ठेवलं. आर्डिथ तिची सात वर्षांनी मोठी बहीण. नवरा वारल्यावर ती दोन आठवड्यांसाठी म्हणून ट्वायलाच्या घरी राहायला आली, त्याला अकरा वर्षं झाली. आल्याच्या दिवशी तिने पूर्वेची मोठी खोली घेतली, आणि ट्वायला आपली पांघरुणं उचलून घराच्या पश्चिमेच्या टोकाला गेली.

तीन आठवड्यांपूर्वी, बुधवारी दुपारी, दोघी चर्चच्या जेवणाला गेल्या असताना कुणीतरी मागचं दार लाथेने फोडलं. वडिलांची हरणाच्या शिकारीची रायफल गेली, लाकूड कापायचं यंत्र गेलं, फ्रीझरमधलं हरणाचं मांससुद्धा गेलं. शेरीफचा माणूस यायला पन्नास मिनिटं लागली. आपण वाट चुकलो नव्हतो, अंतरच तेवढं आहे, असं त्याने दोनदा सांगितलं.

"बंदूक घ्यायची," आर्डिथ म्हणाली. मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. चाळीस वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात सुरी चालवून तिच्या बोटांची पार वाट लागली होती. शर्टाचं बटण लावायलाही तिला ट्वायला लागायची.

म्हणजे बंदूक धरणार ट्वायला. आणि जी धरणार, तिनेच निवडायची.

शनिवारी सकाळी सहालाच ट्वायला बूट घालून पिकअपमध्ये बसली होती. दुकान आठला उघडतं.

हातात पेन्सिल

लवॉन्डा क्रिकचं दुकान मुळात गुरांच्या चाऱ्याचं. पुढे पेंडीची आणि मक्याची पोती, मागे काचेच्या कपाटात बंदुका. लवॉन्डा पूर्वी तुरुंगात पहारेकरी होती. शाळेत ट्वायलाच्याच वर्गात. तिच्या दुकानाचा एक नियम होता आणि त्यावरून अर्ध्या तालुक्याशी तिची भांडणं झाली होती: घरासाठी बंदूक हवी असेल तर आधी घर काढून दाखवायचं.

"काढून म्हणजे?" आर्डिथने विचारलं.

लवॉन्डाने पोत्याचा तपकिरी कागद फाडून समोर पसरला. "चित्र. दारं, पलंग, कोण कुठे झोपतं. कपाटाला हात नंतर. घेणार कोण?"

"आम्ही," आर्डिथ म्हणाली.

"आम्ही नावाचं माणूस सरकारी फॉर्मवर बसत नाही. त्यात पहिल्यांदाच विचारलंय, खरी खरेदीदार तूच का. हो म्हणणारी एकच पाहिजे."

"मी," ट्वायला म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. खताची पोती बघणाऱ्या एका गिऱ्हाइकाने वळून पाहिलं.

"तिला यातलं काय कळतंय?" आर्डिथ म्हणाली. "कपाटातलं ते चंदेरी काढ. छोटं आहे, तिच्या हातात मावेल."

"आर्डिथ, तू असंच बोलत राहिलीस तर मला समजावं लागेल की घेणारी तू आहेस आणि सही हिची. मग मला विक्री थांबवावी लागते. तू त्या खुर्चीवर बस. तिथे कॉफी आहे, वाईट आहे, पण आहे."

आर्डिथ बसली. ट्वायलाने आयुष्यात पहिल्यांदा आर्डिथला कुणाच्या सांगण्यावरून बसताना पाहिलं, आणि तिने पेन्सिल उचलली.

घर सोपं होतं. ट्रकवर दोन तुकड्यांत आणून जोडलेलं, आगगाडीच्या डब्यासारखं लांब. पश्चिमेला तिची खोली, मध्ये स्वयंपाकघर, बैठक आणि दोन्ही दारं, पूर्वेला आर्डिथची खोली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ बोळ.

"भिंती?"

"पातळ. आर्डिथने कूस बदलली तरी मला कळतं."

"बाहेर काय?"

"पूर्वेला तळ्याचा बांध. पश्चिमेला रस्ता, त्याच्या पलीकडे बोडीनचं घर."

लवॉन्डाने कागद घडी करून खिशात घातला. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. तिने खांद्यावर मक्याचं एक पोतं टाकलं आणि कपाटाच्या किल्ल्या घेतल्या. "चला मागे."

हातात चंदेरी रिव्हॉल्व्हर

दुकानामागे मातीच्या उंच ढिगाऱ्यासमोर लवॉन्डाने फक्कीने जमिनीवर घर आखलं. खऱ्या मापाचं. बोळ, दारं, सगळं. मध्ये, स्वयंपाकघराच्या जागी, खांबावर कागदी ताटली ठोकली. बोळाच्या शेवटी भिंत म्हणून प्लायवूडचे दोन तक्ते उभे केले आणि त्यांच्यामागे, कागदावर पलंग होता त्याच जागी, मक्याचं पोतं ठेवलं.

"ते कशाला?" खुर्ची काखेत अडकवून, कॉफी सांभाळत मागोमाग आलेल्या आर्डिथने विचारलं.

"नंतर."

कानांवर झाकणं, डोळ्यांवर चष्मे. ट्वायला आपल्या खोलीच्या आखलेल्या दारात उभी राहिली. चंदेरी रिव्हॉल्व्हर दिसायला गोड, पण चाप इतका घट्ट की ओढता ओढता नळी खाली गेली, आणि सुटलं तेव्हा मनगटाला कुणी बॅट मारावी तसा झटका बसला. ताटली जागच्या जागी. फक्कीच्या स्वयंपाकघरात धूळ उडाली.

"फ्रिज मेला," लवॉन्डा म्हणाली.

"जुनाच होता," ट्वायला म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "दुसरी दे."

हातात काळं पिस्तूल

याचा वरचा भाग मागे खेचून सोडायचा, की गोळी आत जाते. ट्वायलाने खेचला. अर्धाच आला. पुन्हा खेचला, अंगठ्याची कातडी सोलली.

"अडकली तर रात्री हेच करायचंय," लवॉन्डा म्हणाली. "घामेजल्या हाताने."

"नको."

"मी सांगत होते ना," खुर्चीवरून आवाज आला.

"तू चंदेरी सांगत होतीस, आर्डिथ."

हातात छऱ्यांची बंदूक

आता ही बंदूक तिसरी. आखूड दस्त्याची, वीस बोअरच्या काडतुसाची, हलकी. नळीखाली एक लाकडी मूठ. ती मागे ओढायची, पुढे ढकलायची, की पुढचं काडतूस चढतं.

"इथे लोक चुकतात," लवॉन्डा म्हणाली. "भीत भीत अर्धवट ओढतात, मग अडकते. पूर्ण मागे, पूर्ण पुढे. तू एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीस ना?"

"बत्तीस."

"मग बसचं दार उघड."

ट्वायलाचा हात आपोआप गेला. दाराचा तो लांब दांडा अर्धवट ढकलला तर दार बसत नाही आणि पोरगं पडतं. हे तिच्या खांद्याला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मागे, पुढे. खटाक, खटाक. इतका स्वच्छ आवाज की आर्डिथची कॉफी हिंदकळली.

"परत," लवॉन्डा म्हणाली. आता तीही हसत होती.

खटाक, खटाक. सकाळी सातची फेरी, बेचाळीस मुलं, पावसात, बर्फात. खटाक, खटाक.

काडतुसं भरली. पहिला बार: ताटलीच्या मधोमध भोकांचा पुंजका. खांद्याला धक्का बसला, पण ओळखीच्या माणसाने मारावा तसा. दुसरा बार: ताटली उरलीच नाही.

"हीच," ट्वायला म्हणाली. "लवॉन्डा, हीच. फॉर्म आण. मी निवडली."

तिला नाचावंसं वाटत होतं. मग तिने पाहिलं, आर्डिथ उठून बोळाच्या शेवटाकडे चालली होती.

हातात मका

प्लायवूडच्या दोन्ही तक्त्यांना भोकं होती. मागच्या पोत्यातून मका गळत होता. घाई नव्हती त्याला. पिवळी, बारीक धार, पोत्याच्या छातीपासून जमिनीपर्यंत. ट्वायलाने धारेखाली हात धरला आणि ओंजळ भरली.

"ही मी का?" आर्डिथने विचारलं.

"तू," लवॉन्डा म्हणाली.

"मेले?"

"पहिल्याच बारात."

ट्वायलाने भरलेली ओंजळ छातीशी धरली.

"दुसरी काहीतरी दे," ट्वायला म्हणाली. "बारीक गोळीची. भिंतीतून न जाणारी."

"जी माणसाला थांबवते ती भिंतीला विचारून थांबत नाही. इथली कुठलीही घे. तू तुझ्या दारात, चोर स्वयंपाकघरात, आणि त्याच्यामागे नेहमी आर्डिथ."

"म्हणजे नकोच बंदूक," ट्वायला म्हणाली. ओंजळीतला मका तिला खाली टाकवेना. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, ती किती उंच झाली होती.

"नको कशी?" आर्डिथने पोत्याच्या भोकात बोट घालून धार बंद केली. "बापाची रायफल घेऊन तो हरामखोर बाहेर फिरतोय. साधी गोष्ट आहे, धाकटे. तू तुझी गादी उचल आणि माझ्या खोलीत ये. तिथून पश्चिमेकडे मार."

झालं. आर्डिथने ठरवलं. ट्वायलाची मान सवयीने हललीसुद्धा. मग ती थांबली.

"कागद दे," ती लवॉन्डाला म्हणाली.

तपकिरी कागदावर तिने बोट ठेवलं, पूर्वेच्या खोलीवर, आणि पश्चिमेकडे ओढत नेलं. स्वयंपाकघर. तिची स्वतःची खोली. भिंत. रस्ता. बोडीनचं घर. रस्त्याकडच्या खिडकीखाली बोडीनच्या सुनेने मार्चमध्ये पाळणा ठेवला होता; ती आणि आर्डिथ मिळून झबली घेऊन गेल्या होत्या.

मग तिने बोट उलटं नेलं. पश्चिमेकडून पूर्वेला. स्वयंपाकघर. आर्डिथची खोली, रिकामी. भिंत. बांध. तीस फूट माती.

"मी नाही येणार," ट्वायला म्हणाली. "तू हलायचंस."

"माझ्या खोलीतून?"

"माझ्या घरातल्या खोलीतून."

लवॉन्डा एकदम पोत्याची बाकीची भोकं बुजवायला लागली.

आर्डिथचं तोंड उघडलं. आर्डिथ बोलली तर आपण माघार घेणार, हे ट्वायलाला पक्कं माहीत होतं, म्हणून ती आधीच बोलली. "बंदूक मी निवडली. मला ती हवी आहे. पण तुझ्याकडे रोखून नकोय मला, आर्डिथ. एकदाही नको. कोण कुठे झोपणार हे आता बंदूक धरणारी सांगेल."

"तुझ्या खोलीला लागून न्हाणीघर नाही."

"बोळात आहे. सात पावलं."

"मी घोरते."

"ते मला अकरा वर्षं ऐकू येतंय. तिथूनच."

आर्डिथने पोत्यातून बोट काढलं. धार पुन्हा सुरू झाली. "फॉर्म भर तिचा," ती लवॉन्डाला म्हणाली. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस, मी घेणारी नाहीये."

हातात पलंगाचा पाय

आर्डिथचा पलंग बोळातून जाईना. दार काढलं, तरी जाईना. शेवटी पाय काढले. आर्डिथने सूचना दिल्या, ट्वायलाने त्यांतल्या निम्म्या ऐकल्या. खोलीत दोन पलंग मावल्यावर चालायला वीतभर जागा उरली. कपाटाच्या बाजूला, बंदुकीसाठी भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी. तिला आकडे दाबले की उघडणारं कुलूप. आकडे दोघींनाच माहीत: ट्वायलाच्या बसचा नंबर.

हातात रिकामी बंदूक

लवॉन्डाने तालीम करायला सांगितली होती, दिवसाउजेडी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. दोघींनी तीनदा तपासलं. मग पलंगामागे गुडघे टेकून बसल्या. खोलीबाहेर शोधायला जायचं नाही. इथेच, दाराकडे तोंड करून थांबायचं. आर्डिथच्या हातात फोन. आणि आर्डिथने ओरडायचं.

"काय ओरडू?"

"आमच्याकडे बंदूक आहे, पोलीस निघालेत, चालता हो."

आर्डिथने श्वास घेतला. कारखान्यात यंत्रांच्या वर चाळीस वर्षं चढवलेला तो आवाज. बोळातून गेला, भांडी वाजली, कुत्रा सोफ्याखाली शिरला. याच आवाजाने ट्वायलाचं उभं आयुष्य इकडून तिकडे हलवलं होतं. आज तो तिच्या शेजारून सुटून दाराबाहेर चालला होता, आणि तिच्या अंगावर आनंदाने काटा आला.

रस्त्यापलीकडून म्हातारा बोडीन पोर्चवर येऊन हाक मारत होता. "आर्डिथ? सगळं बरंय ना? मी तर काहीच केलं नाही."

"तालीम आहे," ट्वायला खिडकीतून म्हणाली. "आत जा."

"बाळ उठलं की गं."

"माफ कर. परत एकदा होईल, मग नाही."

ती पलंगामागे परत आली. दस्ता खांद्याला लावला. उघड्या दारातून बोळ सरळ दिसत होता, आणि त्याच्या टोकाला आर्डिथची खोली. गालिच्यावर पलंगाच्या पायांचे चार खड्डे, बस्स.

"मागे काय?" आर्डिथने विचारलं.

"भिंत."

"तिच्या मागे?"

"माती," ट्वायला म्हणाली. बंदूक खाली करून तिने पेटीत ठेवली, झाकण लावलं.

आर्डिथ दोन पलंगांच्या मधल्या वीतभर जागेत उभी होती. उशी छातीशी धरून. तिने खिडकीकडच्या पलंगाकडे पाहिलं, मग भिंतीकडच्या.

"मी कुठल्यावर झोपू?" तिने विचारलं.