आतली खुर्ची

तीळ... पावाच्या पाठीवर तीळ होते, आणि चिमट्यात धरलेला तो पाव घ्यावा की परत ठेवावा या विचारात ती नाश्त्याच्या टेबलाशी उभी होती — कारण तीळ गळतात, आणि आज ज्या कामाला हा पाव जायचा होता तिथं काही गळलेलं चालत नाही, आई तर पांढऱ्या कापडावरचा कण न् कण ओल्या बोटानं टिपून घ्यायची, कापड झटकायचं नाही असा तिचा दंडकच होता... मागं कुणीतरी घसा खाकरला. तिनं तीळवाला पाव खाली ठेवला आणि शेजारचा साधा उचलला, गोल, मुठीपेक्षा थोडा मोठा, एका बाजूनं जरा जास्तच भाजलेला. असू दे. दोन टिश्यू पेपरांत गुंडाळून तिनं तो पर्समध्ये, चष्म्याच्या घरावर ठेवला.

हे काम अर्ध्या तासापूर्वी अंगावर पडलं होतं. तिच्या चर्चच्या पाळकांनी — वयानं तिच्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी लहान — तिला लिफ्टपाशी गाठलं. "ताई, हॉटेलवाले पाव द्यायचा विसरले बघा. नाश्त्यातलाच एखादा बरासा बघून ठेवाल? आपल्याकडे तुमच्या आईच भाजायच्या ना." भाजायची खरी. महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी. पण म्हणून पावाची पारख मुलीत आपोआप उतरते असं थोडंच आहे. मुलगी सव्वीस वर्षं इस्पितळाच्या प्लास्टर-खोलीत लोकांचे हातपाय बांधतेय आणि सोडवतेय, पाव ती बेकरीतून आणते.

एकोणतीस माणसं, चार चर्चची, नऊ दिवस, एक बस. पत्रकावर 'सर्व मंडळ्यांची एकत्र यात्रा' असं ठळक छापलेलं होतं, आणि एकत्र म्हणजे असं, की परमुलखातली ही जुनी देवळं, थडगी, गुहा, विहिरी बघायच्या त्या सगळ्यांनी मिळून, उपासना मात्र पाळीपाळीनं, रोज एका चर्चची. परवा तिच्या नवऱ्याच्या चर्चची पाळी झाली. फादरनी मिस्सा फार छान केली, आणि मग फार सभ्यपणे सांगितलं, की ख्रिस्तप्रसाद आपल्या चर्चच्या लोकांसाठी आहे, इतरांनी हवं तर छातीवर हातांची घडी घालून यावं, आशीर्वाद मिळेल. ती गेली नाही. आशीर्वादाला नाही कशाला म्हणा... पण घडी घालून रांगेत उभं राहायचं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी जाऊन नुसतं पाणी पिऊन यायचं.

एकतीस वर्षं. दर रविवारी सकाळी ती त्याच्याबरोबर त्याच्या चर्चला जाते, बाकाच्या बाहेरच्या टोकाला बसते — आणि ख्रिस्तप्रसादाची वेळ आली की तो उठतो, ती गुडघे बाजूला वळवते, तो तिच्यासमोरून सरकत निघून जातो, आणि ती बसून राहते. मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हापासून दोघं जाऊ लागली. आधी बाप, मागं मुलगी, नवे बूट, आईच्या पायावर पाय — "सॉरी हं आई." एवढ्याशा पोरीनं सॉरी म्हणायचं आणि आईला ओलांडून पुढं जायचं! त्या दिवशी तिला जे लागलं ते लागलंच. मग दोघं परत येतात, बसतात, डोळे मिटतात, आणि बराच वेळ उघडत नाहीत. तिचं स्वतःचं चर्च संध्याकाळी, तिथं ती एकटी. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलला रविवारी संध्याकाळीच शिकणारे जास्त. तिच्या चर्चच्या मेजाशी, प्रभुभोजनाला, कुणीही यावं, कुणाला ना नाही. पण त्याच्या चर्चच्या माणसानं दुसऱ्यांच्या मेजाशी जायचं नाही असाही नियम आहे, म्हणजे तो आला असता तरी बसूनच राहिला असता. पण आलाच नाही ना कधी. बसून राहणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायचं?

आणि आता घरच्या फादरनी — म्हातारे आहेत, प्रेमळ आहेत — विचारलं होतं: सहा आठवडे येऊन बसा, थोडं शिकवू, मग रीतसर आमच्यात या, इतकी वर्षं येताच आहात. यात्रेहून आल्यावर सांगते, असं ती म्हणून आली होती. नवरा त्यावर चकार शब्द बोलला नाही. हो म्हण, नको म्हण, काही नाही. लग्नाआधी त्यानं एकदाच विचारलं होतं, आमच्यात येशील का, तेव्हा तिचे वडील म्हणाले होते, कुठंही जा, पण आपलं मेज सोडू नकोस. आणि वडिलांचं ऐकायचं म्हणून... वडील जाऊनही आता एकोणीस वर्षं झाली. मी थकलेय, खरं सांगायचं तर. गुडघे वळवून वळवून थकलेय. हो म्हणून टाकावं, त्याच्या मागोमाग उठावं, संपलं. फक्त — आणि ही अट तिनं कुणालाही सांगितलेली नव्हती, देवालाही नाही, कारण देवाला अटी घालू नयेत हे तिला लहानपणापासून शिकवलेलं — फक्त त्यानं एकदा, एकदाच, माझ्या मेजाशी यावं. नियम मोडून. आज पाळी तिच्या चर्चची होती. आज तो उठला तर घरी गेल्यावर हो. नाही उठला तर नाही, आणि मग मरेपर्यंत हा विषय नाही.

बसमध्ये तो खिडकीशी बसून नेहमीसारखा उजव्या पायानं समोरची जागा दाबत होता. तीस वर्षं शिकाऊंच्या शेजारी बसून जादाच्या ब्रेकवर पाय ठेवलेला माणूस. दुसऱ्याच्या गाडीत त्याचा पाय स्वस्थ बसत नाही.

"वळणावर वेग बघ याचा."

"अहो, त्याचा रोजचा रस्ता आहे. तुम्ही पाय काढा."

पाय निघाला नाही. पेट्रोल पंपावर बस दहा मिनिटं थांबली, बायकांच्या रांगेत ती शेवटून दुसरी, आणि रांगेत उभ्या उभ्या ती मनातल्या मनात त्याला उठवत होती, बसवत होती, पुन्हा उठवत होती... परत आली तर तो तिची पर्स मांडीवर घेऊन बसलेला, गाल फुगलेला, स्वेटरवर कण.

"काय खाताय?"

"अगं, हात थरथरायला लागले. सकाळी मधुमेहाची गोळी घेतली आणि नाश्ता झाला नाही धड, बसची घाई. तुझ्या पर्समध्ये पाव मिळाला. देवासारखा मिळाला बघ."

तिनं टिश्यू पेपर उलगडला. अर्धा.

"हा प्रभुभोजनाचा होता."

तो चावायचा थांबला. घास तोंडातच, गिळावा की काय करावा ते कळेना. "म्हणजे... तुमचा?"

"आमचाच. तुमचा कुठला असायला."

"मग आता गं?"

"आता काय कपाळ! त्यावर अजून कुणी प्रार्थना केलेली नाही, नुसता पाव आहे. गिळा."

त्यानं गिळला. मग थोडं पुढं झुकून, अगदी हळू, "फादरना सांगायला हवं का?" म्हणाला — आणि तिला हसू फुटलं, असं की पुढच्या सीटवरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी मान वळवून बघितलं. साठीला आलेला माणूस, तिसरीतल्या पोरासारखं तोंड करून! ती हसत होती आणि हसता हसता आत काहीतरी कडू होत चाललं होतं. मनात ती त्याला अरेतुरेच करायची. अरे, न विचारता अर्धा खाल्लास, पोटभर खाल्लास, आणि तासाभरानं याच पावाचा चिमूटभर तुकडा घ्यायला तुझा पाय उचलणार नाही. उचलेल का? तिनं त्याच्या स्वेटरवरचे कण झटकून टाकले.

देवळाला छप्पर नव्हतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंती कमरेइतक्या उरलेल्या, वर लोखंडी खांबांवर पत्रा, खाली पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, दाटीवाटीनं, हाताला हात लावून. फाटकावरच्या माणसानं घड्याळावर बोट ठेवून अर्धा तास दाखवला. पुढचा गट उन्हात उभा राहून कुठल्याशा भाषेत गातही होता. "एवढाच उरलाय," पाव देताना ती पाळकांना म्हणाली. त्यांनी पावाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, कारण विचारलं नाही. "पुरेल की," म्हणाले. मग मागून लोक आले, सरका सरका झालं, आणि ती सरकत सरकत पार भिंतीकडच्या खुर्चीवर गेली, तो तिच्यानंतरच्या. बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण आत आहोत. आज वाट त्याच्याकडून मागावी लागणार.

गीत सुरू झालं. शब्द चारही चर्चचे सारखे, चाली दोन, त्यामुळे पहिलं कडवं भांडल्यासारखं झालं, दुसऱ्यापासून मुख्याध्यापिकाबाईंच्या आवाजापुढं सगळ्यांनी हात टेकले. वाचन झालं. प्रार्थना झाली. पाळकांनी अर्धा पाव दोन्ही हातांत धरून मोडला आणि म्हणाले, ज्याला यावंसं वाटतं त्यानं यावं.

लोक उठू लागले. फादर उठले नाहीत. मान खाली, हात मांडीत, शांत. नवऱ्यानं फादरकडे पाहिलं. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. ऊठ. अरे ऊठ. तुझी मुलगी नाही इथं, तुझे घरचे फादर नाहीत, तुझ्या गल्लीतलं कुणी नाही, कोण बघतंय... पुढची रांग रिकामी झाली. ती उभी राहिली.

त्यानं गुडघे मागं घेतले, खुर्चीखाली, आणि अडला. गुडघे मागं घ्यायचे नसतात, बाजूला वळवायचे असतात — हे त्याला माहीतच नव्हतं. कसं असणार? ती अडली, तो अडला, दोन्ही खुर्च्या कुरकुरल्या, आणि मग तो उठला. सरळ उभा राहिला, बाहेर मोकळ्या वाटेत आला. आला! तिला एकदम भरून आलं, ती त्याच्यासमोरून बाहेर पडली, दोन पावलं चालली, तिसऱ्याला मागं खुर्ची पुन्हा कुरकुरली. तो बसला होता. वाट द्यायला उठला होता फक्त.

बरं.

ती चालत राहिली. सगळ्यांच्या गळ्यात गाईडबाईंचं बोलणं ऐकायचे छोटे डबे होते, कानात वायरी, बाई बाहेर कुठंतरी, माईक बंद करायला विसरलेल्या — जेवणाच्या ठिकाणी फोनवर सांगत होत्या, "एकोणतीस, हो, दोघांना बिनमिठाचं" — आणि या बोलण्यातच पाळकांनी नेहमीचे शब्द म्हणून तिच्या तळहातावर नखाएवढा तुकडा ठेवला. करपलेल्या बाजूचा. तिनं खाल्ला. द्राक्षरसाचा घोट घेतला. वळली.

वळल्यावर समोर पांढऱ्या खुर्च्यांची अख्खी रांग, आणि रांगेत एकच माणूस.

ती पायांकडे बघत चालत आली. तो पुन्हा उठला, ती आत जाऊन बसली, तो बसला, आणि तिनं डोळे मिटले. मिटल्यावर तिला कळलं की ती प्रार्थना करत नाहीये. प्रार्थनेचा एक शब्द मनात नव्हता. तोंडात अजून चव होती, शेजारी तो कोरडा बसला होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं, एवढंच. डोळे मिटले की बघावं लागत नाही.

म्हणजे... थांब. म्हणजे तो? अख्खं गीत संपेपर्यंत, कधी तर शेवटच्या आशीर्वादापर्यंत मिटलेले ते डोळे — ज्यांच्याकडे बघून ती दर रविवारी मनात म्हणायची, घ्या, गेले आपले देवापाशी, मला इथं ठेवून — ते देवापाशी नव्हतेच? इथंच होते, माझ्या शेजारी, माझ्याकडे बघायला न धजणारे? आणि ती एवढीशी पोर, नवे बूट घातलेली... तीही? प्लास्टर कापून काढल्यावर माणसं हात तसाच वाकवून छातीशी धरून बसतात. सोडा आता खाली, म्हटलं तरी सोडवत नाही, इतके आठवडे वजन तोललेलं असतं. तिचं तसं झालं. एकतीस वर्षं सांभाळलेली तक्रार कुणीतरी काढून नेली होती आणि ती मात्र तशीच आखडून बसली होती. अट आठवली. तो उठला नाही, म्हणजे उत्तर नाही. ते 'नाही' तिनं मनात शोधलं, सापडलं नाही. 'हो'सुद्धा नव्हतं.

तिनं डोळे उघडले.

तो तिच्याकडेच बघत होता. ओठ जरासे आत ओढलेले, हनुवटी किंचित वर, 'माझं काही नाही, चालू द्या तुमचं' असा चेहरा — हा चेहरा तिनं जन्मात पाहिला नव्हता आणि तरी तो तिला पाठ होता, आतून, गालाच्या एकेका स्नायूसकट. तो तिचाच होता. दर रविवारचा. हा मी याला दाखवत होते? लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यानं एकदा डोळे उघडून बघितलं असणार, नवी बायको म्हणून, हौसेनं... आणि मग पुन्हा उघडले नसणार. तिला लाज वाटली. दया नाही, राग नाही, लखलखीत लाज. डोळे मिटून घ्यावेत असं फार वाटलं, आणि मिटले असते तर कुणी काही म्हणालंही नसतं, सगळेच मिटून बसले होते.

"काय गं?" तो कुजबुजला.

"काही नाही," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघत राहिली.