बंद घरातली माणसं

मित्रांनो, पालघरच्या एका कचेरीतल्या कपाटात मी एक जुना टॅब पडून आहे. माझी काच तडकली आहे आणि चार्जिंगची वायर वाकडी धरल्याशिवाय माझ्यात जीव येत नाही. पण जीव येऊन तरी काय करू? जे सांगायला हवं होतं, ते मला सांगताच आलं नाही.

खोक्यातून बाहेर आलो तेव्हा माझी ऐट काय विचारता! वाटलं, कोणीतरी माझ्यावर खेळ खेळेल, गाणी ऐकेल. पण माझ्यात प्रश्न भरले आणि घरोघर जाऊन पाहणी करणाऱ्या रूपालीताईंच्या पिशवीत मला घातलं. बोईसरचा एक कारखाना अचानक बंद पडला होता. कामगारांची घरं त्यानंतर कशी चालली आहेत, याची पाहणी आम्हाला दर काही महिन्यांनी करायची होती. काम गेलेल्यांना सरकारी मदतीचं धान्य मिळत होतं. ते पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं, हे याच पाहणीवरून ठरणार होतं.

उमरोळीजवळच्या पाड्यावर लाडकीबाईंचं घर होतं. त्यांचा नवरा सुका त्या कारखान्यात ठेकेदाराकडे पिंपं उचलायचा. एका सकाळी फाटकावर त्याला "कल से मत आना" एवढंच सांगितलं होतं. रूपालीताई प्रश्न विचारायला बसल्या की लाडकीबाईंची मुलगी स्वाती माझ्या काचेवरची अक्षरं मोठ्याने वाचायची. "घरात कोणी उपाशी झोपलं का?" हा प्रश्नही तिनेच वाचला. लाडकीबाई आधी हसल्या, मग चुलीकडे बघत राहिल्या.

"ताई, खरं तेच लिवा," त्या म्हणाल्या. "या धान्यावर आमी इथं टिकून हाय. ते नाय आलं तं वीटभट्टीवर जावं लागंल, आनि पोरीची शाळा सुटंल."

ताईंनी खरं तेच लिहिलं.

पुढच्या खेपेला दाराला कुलूप होतं. धान्य यायला उशीर झाला होता आणि तिघंही भट्टीवर निघून गेली होती. ताईंनी किती हेलपाटे घातले! माझ्याकडे 'घर बंद' असं एक बटण होतं. का बंद, हा प्रश्न मला कोणी दिलाच नव्हता. आणि आमच्या कामाची रीत अशी, की घर बंद असेल तर शेजारचं उघडं घर घ्यायचं, म्हणजे एकूण घरं कमी पडत नाहीत. शेजारच्या घरातला मुलगा पालघरला पक्क्या नोकरीत होता. त्यांनी चहा पाजला आणि दोन्ही वेळा पोटभर जेवतो म्हणून सांगितलं. ते खरंच होतं. पाड्यावर जिथे जिथे कुलूप दिसलं, तिथे आम्ही असंच केलं.

अहवाल निघाला. कामगारांची कुटुंबं सावरली आहेत, असं त्यात छापून आलं. एकही घर कमी पडलं नाही म्हणून वरच्या साहेबांनी ताईंना शाबासकी दिली. मग धान्य बंद झालं. माझ्यात एकही उत्तर खोटं नव्हतं, आणि तेच मला आजही खातं.

भाताच्या लावणीला लाडकीबाई परतल्या, तेव्हा ताई त्यांना भेटायला गेल्या.

"आमी तं इथं नव्हतो, ताई," लाडकीबाई म्हणाल्या. "मंग आमी सावरलो, हे तुमाला कोनी सांगितलं?"

ताईंनी सवयीने मला स्वातीपुढे धरलं. तिने हात मागे घेतले. विटा उचलून तिची बोटं सोलवटली होती. दिवाळी झाली आणि घराला पुन्हा कुलूप लागलं.

मित्रांनो, माझी काच बदला म्हणून मी विनवत नाही. पण मोठेपणी अशी कामं तुमच्या हाती येतील. तेव्हा कुलूप दिसलं, तर शेजारचं दार वाजवण्याआधी एवढं विचारा, की इथली माणसं कुठे गेली?

माझ्या जागी आता नवा टॅब आला आहे. परवा ताईंनी तो माझ्याशेजारी ठेवला, तेव्हा त्याची काच उजळलेली होती. त्याच्यातही 'घर बंद' एवढंच बटण आहे.