घरगाडीवरची चादर

मागून धाडकन आवाज झाला, आमची घरगाडी गचका खाऊन पुढे सरकली आणि कपाटातली सगळी भांडी एकदम खाली आली. साखरेचा डबा घरंगळत पार माझ्या पायाशी.

"लागलं का गं?" ह्यांनी विचारलं.

"मला नाही. तुम्हाला?"

ह्यांनी गाडी हळूच महामार्गाच्या कडेला घेतली, लुकलुकणारे दिवे लावले, हँडब्रेक ओढला आणि मगच पट्टा सोडला. उद्या भूकंप झाला तरी आमच्या ह्यांचं आधी हँडब्रेक, मग बाकीचं जग.

आयुष्यभर शहरातली बस चालवली ह्यांनी. कुणाला साधा धक्का लागला नाही की ओरखडा नाही. माझ्याशी भांडतानासुद्धा आवाज खालचा, मागे प्रवासी बसलेत असं समजून. निवृत्त झाले आणि माणूस पार कोमेजला. सोफ्यावर बसून टीव्ही बघायचे, पडद्यावर गर्दीचा रस्ता आला की उजवा पाय फरशीवर दाबायचे. मला आधी हसू यायचं, मग मी टीव्हीच बंद करायचे. शेवटी एका ड्रायव्हिंग स्कूलनं शिकवायला बोलावलं. अट एकच, स्वतःच्या चुकीनं झालेला अपघात नावावर नको. "तसं माझ्या नावावर काहीच नाही," म्हणाले आणि नवे शर्ट शिवून आणले. पहिल्या तारखेला रुजू व्हायचं होतं. त्याआधी जरा हिंडून या म्हणून लेकीनं ही घरगाडी भाड्यानं घेऊन दिली. पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं चाकांवर. हौस बाई एकेकाची!

खाली उतरून मागे गेलो. एक टॅक्सी नाक चेपून उभी होती. आत प्रवासी नव्हता, नशीब. टॅक्सीवाला चाळिशीचा, ओठ फुटलेला, दोन्ही हातांनी डोकं धरून बॉनेटकडे बघत होता. ह्यांनी आधी त्याला धरून कठड्याच्या पलीकडे नेऊन बसवलं. मी मात्र जागच्या जागी थिजले. आमच्या गाडीच्या पाठीवर एका चिमट्यानं लोंबकळत होती ती माझी चादर.

परक्याच्या अंथरुणावर मला झोप येत नाही, त्याला मी काय करू? पहिली रात्र तळमळत काढली आणि सकाळी उठून पलंगावरची चादर धुऊन काढली. गाडीच्या मागे सायकली अडकवायचा दांडा आहे, त्यावर वाळत घातली, आणि साफ विसरले. हे रोज निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारतात, टायर चाचपतात, मागचे दिवे पुसतात. डेपोतली सवय. आज फेरी मारायला निघाले तशी मीच खेकसले, "अहो, सुट्टीवर आलोय, ड्युटीवर नाही! बसा आता गुपचूप." आणि जन्मात पहिल्यांदा ह्यांनी माझं ऐकलं. ऐकायचा मुहूर्तही काय शोधला!

पुढे गर्दी दिसली तसा ह्यांनी ब्रेक दाबला होता. दिवे लागलेही असतील, पण चादरीआड. मी इकडेतिकडे पाहिलं, चिमटा काढला, चादर गुंडाळली आणि काखेत मारली.

महामार्ग पोलिसांच्या गाडीतून एक बाई उतरल्या. दोन्ही गाड्या बघून त्यांनी थेट टॅक्सीवाल्याला धरलं. "मागून ठोकलीस म्हणजे चूक तुझी. अंतर ठेवायला काय होतं रे?"

"मॅडम, आईशप्पथ, ब्रेकचे दिवे दिसलेच नाहीत. पांढरं काहीतरी फडफडत होतं मागे."

"कुठाय पांढरं? सगळे असंच काहीबाही सांगतात."

त्यानं घरगाडीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. "मालक टॅक्सी काढून घेईल हो माझ्याकडून," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.

मी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला. "गप्प बसा हं," कुजबुजले. "पहिली तारीख आहे तुमची."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या काखेकडे. हात पुढे केला.

"अहो, नको ना."

"दे."

दिली. काय करते?

"मॅडम, तो खरं बोलतोय," हे म्हणाले. "माझे मागचे दिवे झाकलेले होते. ह्या चादरीनं."

बाईंनी वही उघडली. "काका, हे मी लिहून घेतलं तर चूक तुमच्या नावावर जाईल. कळतंय ना?"

"जाऊ दे. माझीच आहे ती."

मला राहवेना. "चादर मी घातली होती वाळत! त्यांचा काय संबंध? माझं नाव घाला!"

"चादर तुझी," हे त्याच खालच्या आवाजात म्हणाले. "दिवे माझे. निघण्याआधी बघायचं काम ड्रायव्हरचं."

मग तिथेच उभं राहून ह्यांनी ड्रायव्हिंग स्कूलला फोन लावला. "नाही साहेब, माझ्याच चुकीनं... हो, आत्ताच... नाही, तुम्ही दुसरं कुणीतरी बघा." फोन नव्या शर्टाच्या खिशात ठेवला. खिशाचं बटण काही केल्या लागेना. मी लावून दिलं.

टॅक्सीवाला जवळ आला. "काका, तुम्ही बोलला नसतात तरी चाललं असतं."

"तुझं नसतं चाललं," हे म्हणाले आणि गाडीतल्या फ्रिजमधला बर्फ त्याच्या ओठाला लावायला दिला.

मला माझा राग येत होता, चादरीचा येत होता, त्या स्कूलवाल्यांचाही येत होता. पुन्हा तो सोफा, पुन्हा तो फरशी दाबणारा पाय. पण खरं सांगते, अभिमान त्या सगळ्याला पुरून उरला. लग्नात हार घालतानाही मी ह्यांच्या शेजारी इतक्या ताठ मानेनं उभी नव्हते.

क्रेन आली. क्रेनवाल्यानं खिडकीतून डोकं काढून चेपलेली टॅक्सी बघितली, आमच्या गाडीची पाठ बघितली आणि गाड्यांच्या घरघराटात ओरडून विचारलं, "ह्या गाडीचा ड्रायव्हर कोण?"

ह्यांची मान खाली गेली. मीच पुढे झाले.

"आमचे हे," मी म्हणाले.

त्याला ऐकू गेलं नाही. कानाला हात लावून तो पुन्हा वाकला. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि भर महामार्गावर घसा ताणून ओरडले, "आमचे हे! ड्रायव्हर आहेत ते!"