अकरा हातांची फळी

"ताणून बघ जरा, लांबेल," दादा म्हणाला.

फळीचं एक टोक मी नावेच्या नाकाला आवळून बांधलं होतं. दुसरं टोक मागच्या पाटाला टेकायला हवं होतं. ते वीतभर अलीकडेच संपलं. मी दुसऱ्या बाजूची फळी लावून पाहिली. तीही तेवढीच आखूड. दोन्ही मी एकाच दिवशी, एकाच मापाने कापल्या होत्या.

"दोन्ही एकदम का कापल्यास? एक लावून बघायची, मग दुसरी."

"वेळ वाचेल म्हणून."

"वाचला का?"

मी हातातली करवत भिंतीवर आपटली. गोठ्यातली म्हैस दचकून मागे सरकली.

बाबा शेतकरी होते, सुतार नव्हते. आयुष्यात त्यांनी एक स्टूल केलं होतं, ते अजून डुगडुगतं. पण आमचं निम्मं शेत नदीपलीकडे. खालच्या बंधाऱ्याला दारं लागली की पाणी तुंबतं, उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, बुडतो आणि पलीकडे जायची वाटच राहत नाही. दोन वर्षं तिकडचा मका उभ्या उभ्या रानडुकरांनी खाल्ला, तेव्हा बाबांनी गोठ्यातली अर्धी जागा रिकामी केली आणि नाव मांडली. तीन महिन्यांपूर्वी ते गेले, तेव्हा तळ झाला होता, फासळ्या उभ्या होत्या, खालच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या. राहिल्या होत्या फक्त वरच्या दोन. त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं : वरची फळी अकरा हात.

आता मका पिवळा पडला होता. दारं आठ दिवसांत लागणार होती. त्याआधी नाव झाली नाही, तर पलीकडचं शेत तिकडच्याच शेजाऱ्याला वाट्याने द्यायचं, असं दादाने ठरवून टाकलं होतं. एकदा दिलेलं शेत परत मागताना तोंड कसं कडू होतं, हे सगळं गाव जाणतं.

सुतारमामांना बोलावलं. त्यांनी नावेभोवती एक फेरी मारली, खाली बसले, तंबाखू मळली.

"माप कशाने घेतलंस?"

"हाताने. वहीत हात लिहिलेत."

"कोणाच्या हाताने?"

"दादाच्या. त्याचा हात बाबांएवढाच आहे."

"तासभर कोपर धरून उभं केलं होतं मला," दादा म्हणाला. "मी माणूस आहे की मोजायचा गज?"

"मग आखूड कशी पडली?"

मला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. बाबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं एक पेर कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात मोजतात. त्यांचा हात पेरभर कमीच भरणार. म्हणून दादाच्या प्रत्येक हातामागे मी एक पेर वजा केलं होतं. अकरा हात, अकरा पेरं. फार विचार करून केलं होतं. रात्री अंथरुणात हिशेब जुळला, तेव्हा बाबांना मीच नीट ओळखते असंही वाटलं होतं.

दारात धान्य निवडत बसलेल्या आईने सूप खाली ठेवलं.

"उजव्या हातात त्यांची पेन्सिल असायची," ती म्हणाली. "मापाला ते डावा हात टेकवायचे. डाव्याची बोटं धड होती."

मग सुतारमामा म्हणाले, "अगं, पण नाव समोर उभी आहे! एक दोरी धरायची या टोकापासून त्या टोकापर्यंत. वही कशाला पाहिजे?"

माझ्यासारख्या इतकी पुस्तकं वाचलेल्या बाईला दोरी सुचली नाही. मलाच माझा असा राग आला की डोळ्यांत पाणी येऊनही ते खाली पडेना.

"आता?"

"जोड द्यायचा. पण लाकूड मुरलेलं हवं. ओलं लावलंस तर महिन्यात तोंड उघडेल."

मुरलेलं लाकूड घरात नव्हतं. दादा म्हणाला, "मी शेजाऱ्याशी बोलून येतो," आणि चप्पल शोधू लागला. आई उठून आत गेली. थोड्या वेळाने तिने आतून हाक मारली, "दोघं या इकडे."

बाबांच्या पलंगावरची गादी तिने गुंडाळून भिंतीला लावली होती. तीन महिने त्या पलंगावर कोणी बसलंही नव्हतं.

"मधली फळी काढा," आई म्हणाली. "जाड आहे."

"आई, हा पलंग..."

"मोकळाच आहे ना?"

दादाने चप्पल काढली.

दोन्ही फळ्यांना जोड मी स्वतः दिला. सुतारमामा शेजारी बसून फक्त शिव्या देत होते. सातव्या दिवशी ट्रॉलीवर घालून नाव नदीवर नेली. निम्मं गाव काठावर आलं. नाव पाण्यात ढकलली आणि प्रत्येक फटीतून पाणी आत आलं.

"नाव तरंगते असं ऐकलं होतं," कोणीतरी म्हणालं. लोक पोट धरून हसले. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. कुठे बघावं कळेना.

"हसताय काय!" सुतारमामा ओरडले. "दोन वर्षं गोठ्यात वाळलंय ते लाकूड. तहानलंय. आत दगड भरा, बुडू दे. पिऊन फुगलं की फटी आपोआप मिटतील."

दुसऱ्या दिवशी दारं लागली, उतार बुडाला. तिसऱ्या दिवशी आम्ही दगड काढले, पाणी उपसलं आणि वाट पाहिली. बाबांनी ठोकलेल्या एकाही सांध्यातून थेंब आला नाही. पाणी येत होतं ते फक्त माझ्या एका जोडातून, बारीक, सुतासारखं.

आई विळा घेऊन आत बसली. दादा काठावर उभा होता. शेजाऱ्याला काय सांगितलं, ते त्याने सांगितलं नाही. मग तो पाण्यात उतरून आत चढला.

"मापाला माझा हात चालला," तो म्हणाला, "मग वल्ह्याला का नाही? दे इकडे."

नाव काठापासून सुटली. माझी नजर जोडावरच होती.

"गळतंय गं," मी म्हणाले.

"गळू दे," आई म्हणाली. पलंगाच्या फळीला पाठ टेकून तिने डबा हातात घेतला. "मी आहे ना उपसायला."